शेळीचं कर, माझं नको

मुलाखतीला आली तेव्हा तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो पंख्याबद्दल होता.

"सर, हा पंखा रोज असाच वाजतो का?"

"जुना झालाय," मी जरा ओशाळून म्हणालो. "बदलायचाय."

"बदलू नका. लई चांगला सूर हाय त्याचा."

अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. मराठी टायपिंग शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि ही तेवीस वर्षांची मुलगी घाटनांदूरहून रोज बसनं ये-जा करायला तयार होती. मी तिला ठेवून घेतलं. आमच्याकडं शिकवणारे सगळे एकमेकांचे सर नाहीतर मॅडम. तशी ती माझी मॅडम झाली आणि मी तिचा सर. नाव लिहीत नाही. ते आता पुष्कळांना माहीत आहे, आणि एकदा न विचारता बोललो तेवढं पुरे झालं.

टायपिंग ती उत्तम शिकवायची, पण तिच्या पद्धतीनं. वीस पोरं वीस कीबोर्डांवर एकच उतारा बडवत असली की ती मधोमध डोळे मिटून उभी राहायची. "तिसऱ्या रांगेतलं कोण घाई करतंय? सम चुकतीय," असं म्हणायची. एकदा मी दारात येऊन बघतो तर हिनं मोबाइल स्टुलावर ठेवलेला आणि पोरांना सांगतीय, "ओळ संपली की स्पेसबार सगळ्यांनी एकदम मारायचा." मला वाटलं परीक्षेचा सराव. महिनाभरानं तिनं इंटरनेटवर टाकलेलं पहिलं गाणं मी ऐकलं, तर ताल म्हणून खाली आमचे वीस कीबोर्ड वाजत होते. वर तिचा आवाज आणि चार तारांचं ते छोटंसं युकुलेले. पोरं त्याला गिटारचं पिल्लू म्हणायची.

गाण्यातलं मला कळतं असा माझा समज होता. हार्मोनियमच्या परीक्षा दिलेल्या, कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलेला, लग्नसराईत पाच-सहा तालुके फिरलेला. त्यामुळं पहिलं गाणं ऐकून मी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि मोठेपणानं सांगितलं, "मॅडम, चाल चांगली आहे. पण 'हाय', 'न्हाई' हे काढा. 'आहे', 'नाही' करा. बाहेरच्या लोकांनाही आवडेल."

तिनं मान हलवली, खरंच करून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "जमंना सर. 'आहे' म्हणलं की दुसऱ्याची कवळी घातल्यागत वाटतं."

तिच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. भरल्या पोटी ती गात नसे. कुणी आग्रह केला की "आत्ताच जेवलेय, आवाज झोपलाय" म्हणून मोकळी. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून उपाशी राहायची आणि कार्यक्रम संपला की स्टेजच्या मागं भाकरी-ठेच्याचं फडकं सोडून बसायची. स्टेजवर चढताना चपला काढून त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून ठेवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पळायची वेळ आली तर शोधायला नकोत." पुण्यातल्या तिच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात लोक उभे राहून आणखी एक, आणखी एक म्हणून ओरडत होते. तिनं माईकवर शांतपणे सांगितलं, "माझी गाडी हाय साडेआठची," आणि उतरली. लोकांना तो विनोद वाटला. ती खरंच स्टँडकडं निघाली होती.

पण या सगळ्यांहून वेगळी एक सवय होती. तिची गाणी लोकांच्या बोलण्यातून यायची, आणि ज्याचं वाक्य त्याला विचारल्याशिवाय ती घेत नसे. स्टँडसमोर एक म्हातारे चाचा फळं विकतात. एकदा आम्ही चहाला निघालो असताना चाचा एका गिऱ्हाइकाला पिकल्या पपईबद्दल सांगत होते, "आज खाव तो शक्कर, कल देखे तो पानी." ही थबकली. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिली आणि मग जवळ जाऊन म्हणाली, "चाचा, आत्ता बोललात ते मी गाण्यात घेऊ का?"

चाचांनी तिला खालून वर बघितलं. "लेव ना बेटा. पन पपई बी लेव."

पपई घेतली. चार दिवस आम्ही क्लासमध्ये पपई खात होतो. आणि गाणं आलं तेव्हा त्याच्या खाली लिहिलेलं होतं: तिसरी ओळ, फळवाले चाचा, बसस्टँड. तशी तिच्याकडं एक वहीच होती. कुणाचं वाक्य, कधी ऐकलं, हो म्हणाले की नाही. "नाही" म्हणालेल्यांची वाक्यंही त्यात होती, पण ती तिनं कधी वापरली नाहीत. त्यांतली काही इतकी सुंदर होती की मला हळहळ वाटायची. एका बाईच्या वाक्याबद्दल मी एकदा म्हणालोही, "अहो, त्या बाईला कुठं कळणार आहे?"

"मला कळंल ना," ती म्हणाली.

शेळीचं गाणं तिनं दुसऱ्या वर्षी केलं. ते तुम्ही ऐकलं असेल. लग्नाच्या वरातीत वाजलं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये लेकरं कानांना हात लावून त्याच्यावर नाचली.

शेळी गेलती, शेळी आली,
कुणी तिला गोष्ट न्हाई इचारली.
दावं सोडून बाजूला ठिवलं,
चारा टाकला, खाय म्हणलं.

एकोणीस दिवस हरवलेली शेळी आपल्या पायानं परत येते, एवढंच गाणं. मधेमधे शेळीचा आवाजही ती काढायची आणि लोक हसून लोळायचे. त्या गाण्यानं तिचं नाव झालं. पुणे, नाशिक, संभाजीनगर, कुठून कुठून बोलावणी यायला लागली. तिला फोनवर बोलायचा कंटाळा, म्हणून फोन मी घ्यायचो. तिच्या मागं कीबोर्डवरही मीच असायचो. घोषणा करणारे तिची ओळख पाच मिनिटं करून द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "कीबोर्डवर साथ त्यांचे सर." लोक टाळ्या वाजवायचे, तिच्यासाठीच. मी हसून हात जोडायचो. ते हसू मला घरी येईपर्यंत टोचायचं, हे आज कबूल करतो. तेव्हा ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

एका दुपारी लाइट गेली होती. बॅच सोडून दिली होती आणि आम्ही दोघं खिडकीपाशी शेंगा फोडत बसलो होतो. मी सहज म्हणालो, "मॅडम, शेळीचं तुम्हाला कुठून सुचलं?"

ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली, खात नव्हती. मग म्हणाली, "शेळी न्हाई सर ती. माझी आई हाय."

ती सात वर्षांची असताना तिची आई एक दिवस घरातून गेली होती. कुठं, कशासाठी, हे तिला आजवर माहीत नाही. एकोणिसाव्या दिवशी दुपारी आई दारात येऊन उभी राहिली. वडील ओट्यावर बसले होते. ते उठले, आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं ताट वाढलं आणि म्हणाले, "जेवून घे." एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही. आदल्या वर्षी ते वारले होते. त्यांचं तेरावं झाल्यावर आठवड्याभरात तिनं गाणं लिहिलं.

"वडलांचं गाणं हाय खरं तर," ती म्हणाली. "आईला विचारलं. आई म्हणली, शेळीचं कर, माझं नको. मग शेळीचं केलं."

"मी कुणाला बोलणार नाही," मी म्हणालो.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. त्या तीन शब्दांवर मी किती दिवस फुशारून होतो!

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका पॉडकास्टवाल्याचा फोन आला. तिची तासाभराची मुलाखत हवी होती. ती म्हणाली, "गाणं झालं की झालं. त्याच्याबद्दल परत काय बोलायचं? तुमाला हौस असंल तर तुमी जा." मी गेलो. नवा शर्ट घालून गेलो.

तो मुलगा हुशार होता. नीट ऐकत होता, मान हलवत होता. माझ्या ऑर्केस्ट्राच्या आठवणी मात्र त्यानं दोन मिनिटांत गुंडाळल्या. मग म्हणाला, "सर, एक स्पष्टच विचारतो. बाकीची गाणी खोल आहेत. पण जे सगळ्यात गाजलं ते शेळीचं, ते तसं पोरकटच ना? जरा टाइमपास?"

मी इथं थांबू शकलो असतो. "हो, असेल," म्हणून पुढं जाता आलं असतं. पण मला राग आला. निदान मी त्याला राग समजलो. खरं म्हणजे त्या खोलीत पहिल्यांदा माझ्याजवळ असं काही होतं की जे ऐकून समोरचा पुढं सरकून बसला असता. मी सांगायला लागलो आणि तो खरंच पुढं सरकून बसला.

मी सगळं सांगितलं. एकोणीस दिवस, ओटा, ताट, जेवून घे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी सांगताना म्हणालो, "तिची आई पळून गेली होती." मला मॅडमनी सांगितलं होतं, "गेली होती." "पळून" हा शब्द कुणी दिलेला नव्हता. तो माझा. गोष्ट जरा उठून दिसावी म्हणून मी तो घातला. पगडीवर तुरा खोचावा तसा.

दीड मिनिटाचा तो तुकडा कापून त्यांनी वेगळा टाकला. दोन दिवसांत तो अंबाजोगाईत पोचला, तिसऱ्या दिवशी घाटनांदुरात.

चौथ्या दिवशी ती नेहमीच्या बसनं आली. दहाची बॅच तिनं पूर्ण घेतली. मी केबिनमध्ये बसून कीबोर्डांचा आवाज ऐकत होतो आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं. तो थांबला. ती दारात आली.

"सर, कुणाला इचारून सांगितलंत?"

"मॅडम, तो गाण्याला पोरकट म्हणाला. मला सहन झालं नाही. लोक आता त्या गाण्याकडं वेगळ्या नजरेनं..."

"मी ते न्हाई इचारलं."

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "पळून कावून म्हणलात?"

का म्हणालो ते सांगण्याऐवजी मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. ती शिव्या देईल, रडेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं हजेरीचं रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं, त्या दिवसाची सही केली आणि गेली. नंतर ती आली नाही.

घाटनांदुरात काय झालं ते मला क्लासमधल्या तिकडच्या पोरांकडून कळत गेलं. तिची आई बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष होती. अक्षरओळख नसलेली बाई, पण दहा वर्षं गट चालवलेली. बाजारात ती निघाली की पाठीमागून पोरं शेळीचा आवाज काढायची. एकदा पिठाच्या गिरणीत एका बाप्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, दावं कुणी सोडलं होतं?" आणि गिरणीतले लोक हसले. तिनं दळण तिथंच ठेवलं आणि घरी गेली. गटाचं अध्यक्षपद सोडलं. बाजारात जाणं सोडलं.

मी पॉडकास्टवाल्याला फोन केला. त्यानं बिचाऱ्यानं लगेच तुकडा काढला, माफीही मागितली. पण तोवर तो हजार ठिकाणी गेला होता.

तिचं गाणं मात्र थांबलं नाही. मला वाटलं होतं थांबेल. थांबलं असतं तर मी त्यातही स्वतःला महत्त्वाचा समजून घेतलं असतं. तिनं कीबोर्डशिवाय गाणी बसवली आणि ती पहिल्यापेक्षा चांगली झाली. वर्ष-सव्वा वर्षानं लातूरला तिचा कार्यक्रम होता. मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो. मधेच कुणीतरी ओरडलं, "शेळी, शेळी!" आणि एकानं तो आवाज काढला. तिनं युकुलेले मांडीवर आडवं ठेवलं. सगळं सभागृह शांत होईपर्यंत समोर बघत बसली, मग दुसरंच गाणं सुरू केलं. तिनं ते गाणं परत कधी गायलं नाही. ते गाणं मी मारलं. तिच्या वडिलांचं गाणं.

लातूरहून आल्यावर मला राहवेना. एका रविवारी सकाळी मी घाटनांदूरला गेलो. मॅडम पुण्याला होती, हे बघूनच गेलो. तेवढा शहाणपणा माझ्यात होता.

आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. बारकी, काळीसावळी बाई. मी नाव सांगितलं तशी ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या सर, बसा." तिनं चहा टाकला. पाऊसपाण्याचं विचारलं, माझ्या लेकराबाळांचं विचारलं. चहा संपला. शेवटी मी तिच्या पायाशी वाकलो.

ती मागं सरकली. "हे काय करता सर?"

"माझं चुकलं, काकू. मला माफ करा."

ती पुन्हा सूप घेऊन बसली. खडे काढत राहिली. मग म्हणाली, "चार लोकांत बोललात ना सर? मग माफी अशी घरात कावून मागता?"

मी सुपाबाहेर पडलेले तुरीचे दाणे वेचायला लागलो.

"मला तुमचा राग न्हाई. मी गेल्ते, हे खरंच हाय. त्यात लपवायचं काय? सगळ्या गावाला तवाच म्हाईत होतं. पर मी पळून न्हाई गेल्ते. जाणं येगळं आन् पळून जाणं येगळं. माझ्या मालकानं ते वळखलं, म्हणून ताट वाढलं." तिनं सूप खाली ठेवलं. "येत्या शुक्रवारी दोनला गटाची बैठक हाय, समाजमंदिरात. मी बी जाते त्या दिवशी, लई दिसांनी. तुमी या. बायांसमोर एवढंच सांगा की पळून हा शब्द माझा हाय, हिचा न्हाई. दुसरं काय बोलू नका."

"येतो," मी म्हणालो. "नक्की येतो."

शुक्रवारी मी गेलो. हे लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण मी गेलो होतो. एकच्या बसनं उतरलो. वाक्य पाठ केलं होतं, 'पळून हा शब्द माझा आहे, यांचा नाही.' समाजमंदिराच्या दाराबाहेर बायकांच्या तीस-चाळीस चपला पडल्या होत्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता. मी पायरीपर्यंत गेलो, आणि तेवढ्यात आत सगळ्या बाया एकदम हसल्या. कशाला हसल्या ते मला माहीत नाही. काहीतरी त्यांचं त्यांचं असेल. मला वाटलं, मलाच हसल्या. उद्या माझंही कुणीतरी दीड मिनिट कापून टाकेल. गल्लीबोळात मला बघून कुणी आवाज काढेल.

मी पायरीवरून वळलो. स्टँडवर आलो आणि उभ्या असलेल्या बसमध्ये चढलो. बसमधून मॅडमच्या फोनवर निरोप पाठवला की क्लासची अचानक तपासणी निघाली, येता आलं नाही, काकूंना सांगा.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. दीड वर्षांनी. मी घाईनं उचलला आणि पुन्हा तपासणीचं सांगायला लागलो. तिनं बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, "आई बैठकीतून घरी आल्यावर तिला सांगितलं मी, तपासणी होती म्हणून. तिनं खरं मानलं."

"पुढच्या महिन्यात नक्की..."

"नको सर. आता नको." ती फोन ठेवेल असं मला वाटलं, पण ती पुढं म्हणाली, "फक्त तुमाला ठाऊक असावं म्हणून सांगते. तिथं बाया सगळ्या सतरंजीवर बसत्यात. खुर्ची नसतीच. आई सकाळी शाळेत गेली आन् तुमच्यासाठी एक खुर्ची मागून आणली. सगळ्यांत पुढं मांडली. बैठक संपली तरी तिनं ती उचलू दिली न्हाई. म्हणली, सर हैत ते, बस चुकली असंल, येतील."